मातीची गाडी आणि मुलांचे हात

श्रावणाची झड ओसरली, पऱ्हाटीला पात्या लागल्या, ज्वारी कमरेएवढी झाली आणि वऱ्हाडात सणांची रांग लागली. ‘पोळा अन् पाऊस झाला भोळा’ असे आमच्या भागात म्हणतात. पाऊस भोळा होतो म्हणजे त्याचा जोर सरतो. आणि नेमका तेव्हाच घरोघरी मुलांच्या हातांना जोर चढतो. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तृतीयेला हरितालिका, चतुर्थीला श्रीगजानन, मागोमाग ज्येष्ठा गौरी, ज्यांना आपण वऱ्हाडकर महालक्ष्म्या म्हणतो, आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई! पोळ्याच्या अमावास्येनंतर कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत पंचेचाळीस तिथी होतात. या पंचेचाळीस तिथींत लाकूड, वाळू, माती, धातू, कापूस, धान्य आणि रंग एवढ्या द्रव्यांशी वऱ्हाडातील मुलांची हातओळख होते. शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला आणि कार्यानुभव यांना आठवड्यातून एखाद-दुसरा तास मिळतो. सणांच्या शाळेत हाच तास दीड महिना चालतो.

भाविक वाचकहो, सणाच्या या विशेष पानावर देवाचे माहात्म्य वाचण्याची आपली अपेक्षा असणार, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या हातांनी देव घडतो, ज्या हातांनी त्याला सजवायचे, त्या हातांचे माहात्म्यही कधी तरी गायले पाहिजे. म्हणून आज आम्ही सहावी, सातवी आणि आठवी या इयत्तांतील मुलामुलींच्या हस्तकलेविषयी चार शब्द सांगणार आहोत. हा विषय देवघराबाहेरचा आहे असे कुणी समजू नये. तो देवघराच्या चौरंगाशीच येऊन पोहोचतो.

‘मी फक्त नाव लिवलं’

कीर्तनाच्या निमित्ताने अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील गावांत मुक्काम करण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. मुक्काम यजमानांच्या घरी, त्यामुळे घरातील मुलांची वह्या-पुस्तके आपोआप दृष्टीस पडतात. अशाच एका घरी सातवीतील एका मुलाने शाळेसाठीचा ‘प्रोजेक्ट’ आणून दाखविला. थर्माकोलचे सुबक देऊळ, चमकीचा कळस, दाराशी प्लॅस्टिकची दोन झाडे. आम्ही कौतुकाने विचारले, “बाळ, हा कळस कसा रे जोडलास?” मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, “हे मी नाही केलं महाराज. बाबानं दुकानातून आनलं. मी फक्त नाव लिवलं.”

त्या मुलाचा दोष काय? वडील दिवसभर कामावर, आई घरकामात गुंतलेली, गुरुजींच्या वर्गात साठ मुले. प्रकल्प उद्या द्यावयाचा, गुण परवा मिळावयाचे. बाजारात तयार वस्तू उपलब्ध, मग ती आणली. सर्वांची सोय झाली. गैरसोय झाली ती एकाच गोष्टीची, मुलाच्या हातांची. ते रिकामे राहिले. आणि हेच मूल चतुर्थीला तयार मूर्ती घरी आणते, पोळ्याला तयार रंगविलेला नंदी फिरविते, महालक्ष्म्यांपुढे प्लॅस्टिकची माळ अडकविते. वर्षाचे सगळे सण पार पडतात, आणि त्यांपैकी एकही सण त्याच्या बोटांना लागत नाही. हाताला न लागलेली भक्ती मनाला कितपत लागेल, ही आमची चिंता आहे.

शूद्रकाची मातीची गाडी

संस्कृत नाट्यवाङ्मयात मृच्छकटिक हे शूद्रकाचे नाटक विख्यात आहे. मृद् म्हणजे माती आणि शकटिका म्हणजे लहान गाडी. एका मुलाच्या खेळण्यावरून एवढ्या मोठ्या नाटकाने नाव घ्यावे, ही गोष्टच विचार करावयास लावणारी आहे. कथा अशी : चारुदत्त हा दानामुळे निर्धन झालेला सज्जन. त्याचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीने खेळतो. शेजारचा मुलगा आपली गाडी घेऊन जातो. रोहसेन रडू लागतो. रदनिका नावाची दासी त्याला मातीची गाडी करून देते. पण त्याचे रडे थांबत नाही, त्याला सोन्याचीच गाडी हवी असते. वसंतसेना ते पाहते, तिचे हृदय द्रवते, आणि ती अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. बाळा, याची सोन्याची गाडी करून घे, म्हणते.

पुढे काय होते? तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. ज्या सोन्याने मुलाचे रडे थांबले, तेच सोने बापाला वधस्तंभापर्यंत घेऊन जाते. शेवटी सर्व गोड होते. परंतु कवीने नाटकाला नाव दिले ते मातीच्या गाडीचे, सोन्याच्या गाडीचे दिले नाही.

कीर्तनात हे आख्यान लावताना आम्ही श्रोत्यांना एक प्रश्न विचारीत असतो. रोहसेन मातीच्या गाडीवर रुसला, त्याचे कारण ती मातीची होती एवढेच काय? आमच्या मते आणखी एक कारण आहे. ती गाडी रदनिकेने केली होती, रोहसेनाने नव्हे. तिने त्याला शेजारी बसवून घेतले असते, चाकाचा गोळा त्याच्या हाती दिला असता, धुरीचे भोक त्याला काडीने पाडू दिले असते, तर? मग ती वाकडी-तिकडी गाडी त्याने सोन्याच्या गाडीशीसुद्धा बदलली नसती. स्वतः केलेल्या वस्तूवर मूल रुसत नाही. आजचे आईबाप सोन्याची गाडी आणून देतात, आणि जे प्रेमळ आहेत ते स्वतः मातीची गाडी करून देतात. मुलाला शेजारी बसवून घेणारे थोडे.

प्रतिमांचे आठ प्रकार आणि वऱ्हाडचे सण

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवान उद्धवाला पूजाविधी सांगताना प्रतिमांचे आठ प्रकार सांगतात. पाषाणाची, लाकडाची, धातूची, मातीसारख्या लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नांची आणि मनाने कल्पिलेली. वाचकहो, ही नामावळी एकदा बोटांवर मोजा आणि आपल्या सणांकडे पाहा. हा सारा अभ्यासक्रम आपल्या अंगणात मांडलेला आहे.

प्रारंभ लाकडापासून. तान्हा पोळा हा विदर्भाचा खास सण. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ च्या सुमारास तो मुलांसाठी सुरू केला, अशी परंपरा सांगतात. लाकडी नंदीला सजवून मुले दारोदार फिरतात आणि बोजारा गोळा करतात. बाजारातील नंदी आता चाकांवर, रंगाने चकचकीत असा मिळतो. आमची सूचना एवढीच की, नंदी सुताराकडून कोरा घ्यावा. सुतार वाकसाने खांद्याचा उंचवटा कसा काढतो, पटाशीने डोळा कसा कोरतो, हे मुलाने समोर बसून पाहावे. मग पॉलिश-कागदाने घासणे, गेरू देणे, शिंगांना बेगड लावणे, झुलीसाठी जुन्या लुगड्याचा काठ कापणे, सुतळीला पीळ देऊन मठाट्या वळणे, हे सर्व मुलाचे काम. सहावीतील मुलाला एवढे निश्चित साधते. आणि ज्याने लाकडी बैलाच्या मानेवर हात फिरविला, तो गोठ्यातल्या बैलाच्या मानेवरचा घट्टाही ओळखू लागतो.

वाळू हरितालिकेची. बहिणीने ओल्या वाळूची पिंडी घडविताना सातवीतल्या भावाने शेजारी बसून पाहावे की, कोरडी वाळू ओघळते, फार ओली वाळू ढासळते, बेताची ओली तेवढी उभी राहते. पाण्याचे हे प्रमाण शब्दांनी शिकविता येत नाही.

काळ्या मातीचा स्वभाव

आता चतुर्थी. या पूजेच्या संकल्पातच ‘पार्थिव’ हा शब्द आहे. पृथ्वीपासून झालेला तो पार्थिव. पार्वतीने आपल्या अंगाच्या उटण्यामळापासून गणेश घडविला, असे शिवपुराण सांगते. म्हणजे श्रीगजाननाचा जन्मच मुळी हस्तकलेतून झाला! मग त्याची प्रतिमा मुलांच्या हस्तकलेतून का होऊ नये?

येथे वऱ्हाडी मुलांपुढे एक खरी अडचण उभी राहते, आणि ती फार शिकविणारी आहे. बहुतेक शाळांत मूर्तिकलेच्या कार्यशाळेसाठी शाडू आणतात. हा शाडू बहुतांशी गुजरातेतून येतो. तो बारीक, पांढुरका आणि आज्ञाधारक. आपली माती काळी, कापसाची. तिचा स्वभाव हट्टी. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. वैशाखात शेताला ज्या हातभर भेगा पडतात, त्याच भेगा तिच्या मूर्तीच्या पोटाला पडतात. मुलाने शेतातली माती आणून थेट गणपती केला, तर तिसऱ्या दिवशी सोंड गळून पडलेली दिसते आणि मूल हिरमुसते.

अशा वेळी मुलाला कुंभाराकडे न्यावे. काळ्या मातीला वश कसे करावे, हे त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जाणले आहे. तो माती वाळवितो, कुटतो, चाळतो, भिजत घालतो. तिच्यात राख, लीद, बारीक वाळू मिसळतो, म्हणजे आकसताना तिला धर मिळतो. मग पायांनी तुडवितो, हातांनी मळतो, आतली हवा काढतो. घरच्या मूर्तीसाठी लीद नको वाटेल, त्यांनी पिंजलेला कापूस अथवा भिजवून कुटलेला कागद मिसळावा. कापसाचे तंतू मातीला आतून बांधून ठेवतात. पऱ्हाटीचा कापूस आणि पऱ्हाटीचीच माती! वऱ्हाडच्या गणपतीला याहून अधिक वऱ्हाडी साहित्य कोणते हवे?

आणखी चार गोष्टी मुलांना सांगाव्यात. मूर्ती फार मोठी करू नये, वीतभर पुरे. बैठक खालून पोकळ ठेवावी, म्हणजे ती सारखी वाळते. सोंड, कान आणि हात वेगळे करून नुसते चिकटवू नयेत. जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीने रेघा ओढून, पातळ चिखल लावून मग दाबावे. आणि उन्हात मुळीच ठेवू नये. ओल्या फडक्याखाली, सावलीत, आठ दिवस वाळू द्यावी. ज्या मुलाला हे आठ दिवस थांबता आले, त्याने कलेबरोबर संयमही साधला.

भागवतात याच प्रकरणी एक बारीकसा विधी आहे. इतर मूर्तींना स्नान घालावे. परंतु लेपाच्या आणि रेखाटलेल्या प्रतिमेला स्नान न घालता केवळ हलकेच पुसून घ्यावे. शास्त्रकारांना मातीचा स्वभाव ठाऊक होता. मूर्ती स्वतः घडविलेल्या मुलाला हा नियम सांगावाच लागत नाही; त्याचा हात आपोआप जपून फिरतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविषयी आम्ही थोडक्यातच सांगतो. तो भाजलेल्या जिप्समचा चुरा. साच्यात ओतला की लवकर घट्ट होतो आणि पाण्यात सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि मे २०२० मध्ये ती अधिक कठोर केली. न्यायालयांतही हा वाद पुनःपुन्हा आला. कायदा त्याचे काम करो. परंतु ज्या मुलाने आपल्या हाताने पार्थिव गणेश घडविला आणि अनंत चतुर्दशीला अंगणातील बादलीत तो हळूहळू विरघळताना पाहिला, तीच माती तुळशीला घातली, त्याला आवाहन आणि विसर्जन या दोन शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

महालक्ष्म्या, भुलाबाई आणि मुलींचा हात

महालक्ष्म्यांचे मुखवटे पितळेचे असोत की मातीचे, ते पूर्वापार जपून ठेवलेले असतात. त्यांना हात लावू नये. परंतु त्यांच्यासाठी लागणारी कापसाची वस्त्रमाळ मुलांनी अवश्य करावी. सरकीतून कापूस मोकळा करणे, बोटांनी ओढून पट्टी करणे, ठरावीक अंतरावर पीळ देऊन कुंकवाचा ठिपका लावणे हे दिसते सोपे. पण सगळे मणी सारखे येण्यासाठी हाताला मोजमाप लागते. आपण कापसाच्या मुलखात राहतो, आणि कापसाची माळ पाकिटात विकत आणतो, याचे आम्हांस नवल वाटते.

भुलाबाईविषयी मात्र आम्हांस काळजी आहे. शंकर-पार्वतींचे हे भिल्लरूप, भुलोजी आणि भुलाबाई, ही वऱ्हाड-खानदेशची ठेव. महिनाभर रोज सायंकाळी मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, खिरापत ओळखण्याचा खेळ करतात आणि कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखराखाली भुलाबाईला बसवून निरोप देतात. अनेक वस्त्यांत ही प्रथा आता विरळ झाली आहे. मुलींना शिकवणीचे वर्ग असतात, आणि साच्यातल्या भुलाबाया सर्वत्र एकाच तोंडवळ्याच्या दिसतात.

शाळांना आमची विनंती आहे की, आठवीच्या वर्गाने भुलाबाई हाच आपला प्रकल्प करावा. मुलींनीच नव्हे, मुलांनीही. मातीच्या दोन मूर्ती घडवाव्यात; भुलाबाईच्या लुगड्याचा रंग, पाटल्या, कपाळावरचे कुंकू हे आपल्या आजीला विचारून ठरवावे. धांड्यांचे मखर बांधावे; तेथे भूमितीचा चौकोन आणि दोरीची गाठ एकत्र येतात. आजीकडून दोन तरी गाणी लिहून घ्यावीत, आणि वहीच्या कडेला त्या गाण्यातील सासर-माहेराची चित्रे काढावीत. चित्रकला, मूर्तिकला, मराठी आणि गणित एका मखराखाली बसतील. आजीलाही कुणी तरी विचारले, याचे समाधान लाभेल.

रेघ, दगड, रत्न आणि मन

रेखाटलेल्या प्रतिमेविषयी वऱ्हाडाने मान खाली घालण्याचे कारण नाही. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म येथून, म्हणजे आजच्या वाशीमहून, राज्य करीत होती. त्या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. आपल्या मुलखाच्या मंत्र्याने जगाला चित्रे दाखविली. विदर्भाचा कवी भवभूती आपल्या उत्तररामचरिताचा पहिला अंकच चित्रदर्शनाने उघडतो. भिंतीवरील आपल्या जीवनाची चित्रे पाहून सीता कधी भिते, कधी लाजते, कधी रडते. चित्राचे सामर्थ्य यापेक्षा अधिक काय सांगावे!

रंगांसाठी दुकानाची वाट धरण्यापूर्वी मुलांनी स्वयंपाकघर पाहावे. गेरूचा तांबडा, हळदीचा पिवळा, खडूचा पांढरा, काजळीचा काळा, कपड्यांच्या निळीचा निळा. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल रंग उमटतो, हा चमत्कार सातवीच्या विज्ञानाचाही धडा आहे. फाल्गुनात पळसाची फुले उकळून केशरी रंग करून ठेवावा. चुन्याचे काम तेवढे मोठ्या माणसांनी जवळ उभे राहून करून घ्यावे.

पाषाणाची प्रतिमा मुलांनी घडवावयाची नाही, ती पाहून रेखाटावयाची. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीचे कालंका देवीचे मंदिर आहे, बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, अमरावती जिल्ह्यात गाविलगडाचे दरवाजे आहेत. एका रविवारी वही घेऊन बसावे. एक खांब, एक कमान नीट काढावी. रत्नांची प्रतिमा आपल्या ऐपतीबाहेरची. पण मूग, तूर, तीळ, ज्वारी आणि मसूर यांची रांगोळी कोणत्या रत्नांहून उणी दिसते? आणि ती दुसऱ्या दिवशी पाखरांना घालता येते.

राहिली मनोमयी, मनाने कल्पिलेली. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शाळकरी मुले देतात. त्यांत वस्तुचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन यांबरोबर स्मरणचित्राची परीक्षा असते. पाहिलेला प्रसंग डोळे मिटून आठवावा आणि काढावा. श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे येणाऱ्या कावडी ज्या मुलाने पाहिल्या, नवरात्रात अमरावतीच्या अंबादेवीच्या दाराशी लागलेली रांग ज्या मुलीने पाहिली, त्यांना स्मरणचित्रासाठी दुसऱ्याच्या पुस्तकातील नमुना कशाला घोकावा लागेल? परंतु मुले नदीकाठी आठवते म्हणून नारळाची झाडे आणि दोन डोंगरांतून उगवणारा सूर्य काढतात. पूर्णेच्या काठी बाभळी आहेत. त्या बाभळी आमच्या मुलांच्या चित्रांत आल्या पाहिजेत.

कुंभार, सुतार हेही गुरुजीच

हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार वऱ्हाडाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामाभोवती शिक्षणाची मांडणी करण्याचा विचार देशापुढे आला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून केली होती. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत जीवन-शिक्षणाला स्वतंत्र अध्याय दिला. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकावे, असे स्पष्ट म्हटले आहे. हे दहा दिवस शाळांनी पोळा आणि चतुर्थी यांच्या आगेमागे ठेवले, तर कारागिरांचा हात चालू असताना मुलांना तो पाहावयास मिळेल. मात्र त्या कारागिराला योग्य मानधन द्यावे, खुर्चीवर बसवावे आणि मुलांकडून ‘गुरुजी’ म्हणवून घ्यावे. ज्याच्या हातचे देव आपण पाटावर बसवितो, त्याला उंबऱ्याबाहेर उभे ठेवणे शोभत नाही. खराट्याने रस्ते झाडून रात्री कीर्तन करणारे गाडगेबाबा याच मातीत जन्मले आणि वलगावजवळ याच मातीत विसावले. हाताच्या कामाला त्यांनी जी प्रतिष्ठा दिली, ती आपण विसरता कामा नये.

अमरावती आणि अकोल्याच्या शाळांत सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसतात, याचेही भान हवे. देवाची मूर्ती हा ज्याच्या घरचा आचार नाही, त्या मुलाला तीच माती द्यावी आणि बैल, पाखरू, पणती, आपल्या गल्लीतील कमान, जे त्याला घडवावेसे वाटेल ते घडवू द्यावे. मातीला कुणाचाच हात वर्ज्य नाही.

घरच्यांसाठी थोडेसे

आईबापांना आमचे चारच शब्द आहेत. एक, मुलाचे काम स्वतः पुरे करू नका. वाकडी सोंड वाकडीच राहू द्या. दोन, घरातील एक कोपरा दीड महिना मळू द्या. शेणसड्याच्या अंगणाला चिखलाचे भय कधीच नव्हते, ते फरशीला आले आहे. तीन, शेजाऱ्याच्या मुलाच्या मूर्तीशी तुलना करू नका. चार, मुलाने केलेली मूर्ती शोभेच्या कपाटात न ठेवता पूजेच्या चौरंगावर ठेवा. गुरुजनांनाही एक प्रार्थना आहे. सुबक विकतच्या वस्तूपेक्षा ओबडधोबड स्वतःच्या वस्तूला अधिक गुण द्यावेत. हे एका वर्षी झाले, की पुढच्या वर्षी बाजारातून प्रोजेक्ट आणण्याचे कारणच उरणार नाही.

विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्तिशास्त्र शिकविण्याची विनंती करतो. ऋषी म्हणतात, त्याआधी चित्र शिकावे लागेल. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गायन. एका मूर्तीपर्यंत पोहोचावयास एवढ्या पायऱ्या! आपली मुले भुलाबाईची गाणी म्हणतात, पोळ्याच्या झडत्या ऐकतात, लेझीम खेळतात, रांगोळी काढतात. पायऱ्या तर घरातच आहेत. शेवटच्या पायरीवर मातीचा गोळा घेऊन त्यांना बसविणे एवढेच आपल्या हाती आहे.

यंदाच्या चतुर्थीला वऱ्हाडातील घराघरांत, जरा वाकड्या सोंडेचा, एक कान लहान आणि एक मोठा असलेला, बोटांचे ठसे अंगावर मिरविणारा गणराय विराजमान होवो, आणि त्याला घडविणाऱ्या चिमुकल्या हातांना विद्या, बळ व धीर लाभो, हीच त्या मंगलमूर्तीच्या चरणी आमची प्रार्थना.